कोलू पाटलांचा चेहरा

मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूर मागे पडले आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की खिडकीबाहेरचा प्रदेश पालटू लागतो. कापूस आणि ज्वारी मागे राहतात. त्यांच्या जागी धानाच्या बांध्या येतात आणि बांध्यांच्या आडून मधूनमधून पाण्याची रुपेरी कड चमकते. ही तलावांच्या प्रदेशाची पहिली खूण होय. गोंदिया जंक्शनवर गाडी थांबते तेव्हा प्रवासी महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला येऊन पोहोचलेला असतो. येथून एक मार्ग बालाघाटवरून जबलपूरकडे जातो, एक चंद्रपूरकडे वळतो आणि मुख्य मार्ग सालेकसा, दरेकसा ओलांडून छत्तीसगडच्या डोंगरांत शिरतो.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे त्याचे आठ तालुके आहेत. व्यापारी कुटुंबांना गोंदियाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर रेल्वे येथे आली आणि तिच्यापाठोपाठ गुजरात, कच्छ व मारवाडकडील पेढ्याही आल्या. धान, तेंदूपत्ता, लाख, विडी यांच्या व्यवहारावर हे गाव वाढले. आजही राइस मिलच्या कोंड्याचा वास गोंदियाच्या हवेत असतो.

परंतु या जिल्ह्याचे खरे धन त्याच्या बाजारपेठेत साठलेले नाही. ते तलावांत आहे. आणि या तलावांपाशी उभे राहिले की एक विचित्र वाटणारा, पण महत्त्वाचा प्रश्न समोर येतो. ज्यांनी हे तलाव बांधले, त्यांचे चेहरे कसे होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध येथे जावे लागते. गोंदियाच्या दक्षिणेस असलेले हे विस्तीर्ण जलाशय सात टेकड्यांच्या कुशीत वसलेले आहे. हिवाळ्यात तेथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. मराठी वाचकांना या परिसराची ओळख मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून झाली; वनाधिकारी या नात्याने त्यांनी येथे दीर्घकाळ सेवा केली होती. १९७५ साली हे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात त्याचा समावेश झाला. पर्यटक सामान्यतः एवढे पाहून परततात. मात्र हे सरोवर निसर्गनिर्मित नव्हे, मानवनिर्मित आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधले असे मानले जाते.

कोहळी हा तलाव बांधण्यात निष्णात असलेला शेतकरी समाज. त्यांचे पूर्वज काशीकडून आले, असे परंपरा सांगते. गोंड राजांच्या काळात जंगल तोडून वस्ती करणाऱ्यास आणि तलाव बांधणाऱ्यास जमिनीचे हक्क मिळत. पाणी कोठून येईल, कोठे थांबेल, पाळ कोठे घालावी आणि जास्तीचे पाणी कोणीकडून काढून द्यावे, याचे गणित या लोकांनी कागदावाचून सोडविले. दोन टेकड्यांमधील नेमकी खिंड हेरून तेथे मातीची पाळ घालावयाची, म्हणजे थोड्या श्रमात मोठा साठा होतो, हे त्यांच्या कौशल्याचे मर्म. नवेगावबांधच्या सात टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. बांध घालताना या सात बहिणींनी कोलू पाटलांना साहाय्य केले, अशी लोककथा आहे. स्वतः कोलू पाटीलही कालांतराने देव झाले. सरोवराकाठच्या एका टेकडीवर कोलासूर देव या नावाने त्यांचे ठाणे आहे.

म्हणजे एका कर्त्या माणसाचे नाव टिकले, त्याचे काम टिकले, त्याची पूजाही टिकली. टिकला नाही तो केवळ चेहरा. कोलू पाटील उंच होते की ठेंगणे, त्यांचे कपाळ रुंद होते की अरुंद, हे सांगणारे एकही चित्र नाही. हे काही आश्चर्य नव्हे. व्यापारी घराण्यांच्या पेढीवरही संस्थापक आजोबांची किंवा पणजोबांची तसबीर लावलेली असते, पण त्यांच्या वडिलांचे छायाचित्र बहुधा कोठेच नसते. छायाचित्रण येण्यापूर्वीची सर्व माणसे वंशावळीतील नावापुरतीच उरलेली आहेत. तीन-चार पिढ्यांपलीकडे चेहऱ्यांचा दिवा मालवतो.

जगाच्या दुसऱ्या एका कोपऱ्यात मात्र हा दिवा दोन-अडीच हजार वर्षे तेवत राहिला आहे, आणि तोही पाण्याने भरलेल्या जमिनीतच.

डेन्मार्क, उत्तर जर्मनी, नेदरलँड्स, इंग्लंड आणि आयर्लंड या देशांत ‘पीट’ नावाच्या काळ्या-तपकिरी मातीच्या दलदली आहेत. ही माती म्हणजे हजारो वर्षे साचत गेलेले, अर्धवट कुजलेले वनस्पतिद्रव्य. ती कापून, वाळवून इंधन म्हणून जाळण्याची तेथे जुनी रीत आहे, आपल्याकडे गोवऱ्या जाळतात त्याप्रमाणे. ६ मे १९५० रोजी डेन्मार्कमधील सिल्केबोर्ग गावाजवळ असे पीट कापताना काही मजुरांना मातीत एक मानवी चेहरा दिसला. डोळे मिटलेले, ओठ शांतपणे जुळलेले, हनुवटीवर दाढीचे खुंट, डोक्यावर कातडी टोपी. चेहरा इतका ताजा होता की एखाद्या अलीकडच्या खुनाचा हा प्रकार असावा, अशा समजुतीने पोलिसांना पाचारण करण्यात आले. पोलिसांनी पुरातत्त्वज्ञांना बोलाविले. हा मनुष्य इ. स. पूर्व चौथ्या-पाचव्या शतकातील निघाला. त्याच्या गळ्यात फास होता. तो ‘टोलुंड मानव’ या नावाने जगभर प्रसिद्ध झाला. त्याच्या पोटातील शेवटच्या जेवणाचाही शोध लागला. जव, जवस आणि रानटी बिया यांची ती पेज होती. २०२१ च्या फेरतपासणीत तिच्याबरोबर मासळीचेही अंश आढळले.

दलदलीत असे काय असते, की जे माणसाला राखून ठेवते? तेथे स्फॅग्नम नावाचे शेवाळ वाढते. ते पाणी आंबट करते. साचलेल्या पाण्यात खोलवर प्राणवायू पोहोचत नाही, आणि उत्तरेकडील थंडीमुळे कुजविणाऱ्या जिवाणूंचे कार्य मंदावते. त्याशिवाय या शेवाळातून निघणारे एक द्रव्य कातडीवर परिणाम करून तिला टिकाऊ व तपकिरी बनविते. गोंदियाच्या जंगलांत हिरडा विपुल आहे. हिरड्याच्या कषायाने कातडे कमावतात, त्याच्याशी काहीसे साम्य असलेली ही क्रिया होय. मात्र दलदल जे एका हाताने देते, ते दुसऱ्या हाताने घेते. त्याच आंबट पाण्यात हाडांतील चुना विरघळतो. कातडी, केस, नखे राहतात. पण हाडे मऊ पडतात आणि वरच्या मातीच्या भाराने कवटी दबून चपटी होते. म्हणून टोलुंड मानवासारखा जसाच्या तसा चेहरा अपवादानेच मिळतो. बहुतेक वेळा हाती येतो तो चुरगळलेला मुखवटा, आणि त्यातून मूळ चेहरा उभा करावा लागतो.

नेदरलँड्समधील इडे या खेड्याजवळ १८९७ साली असाच एक देह सापडला. सुमारे सोळा वर्षांच्या मुलीचा तो देह होता. पीट कापणारे मजूर तो पाहून भयाने पळून गेले होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही मुलगी. उंची सुमारे १४० सेंटिमीटर, पाठीचा कणा वाकलेला, गळ्याभोवती लोकरीची पट्टी आवळलेली. पुढे जवळपास शंभर वर्षे ती आसेन येथील संग्रहालयात एक काळवंडलेली, भेसूर वस्तू म्हणून पडून होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठाच्या रिचर्ड नीव्ह यांनी तिच्या कवटीच्या सी. टी. स्कॅनवरून तिचा चेहरा घडविला. रुंद कपाळाची, मोकळ्या केसांची एक किशोरी लोकांसमोर आली. त्या दिवसापासून संग्रहालयात येणाऱ्यांची दृष्टीच बदलली. त्यांच्यासमोर आता अवशेष नव्हता. कोणाची तरी लेक होती.

हे काम कसे चालते, हे समजून घेण्याजोगे आहे. प्रथम कवटीची प्रतिकृती तयार करतात. कपाळ, गाल, हनुवटी, नाकाचे मूळ अशा ठराविक बिंदूंवर लहान खुंट्या रोवतात. त्या त्या ठिकाणी कातडी व मांस यांची सर्वसाधारण जाडी किती असते, याची कोष्टके निरनिराळ्या लोकसमूहांच्या मोजमापांवरून सिद्ध झालेली आहेत. वय आणि लिंग यांनुसार ती बदलतात. मग हाडांवरील खुणा पाहून चेहऱ्याचे स्नायू एकेक करून चढवितात. नाकपुडीच्या हाडावरून नाकाचा उठाव आणि दातांवरून ओठांची रुंदी ठरविली जाते. शेवटी त्यावर त्वचा येते. पूर्वी हे सर्व मातीत किंवा मेणात होत असे. आता ते पुष्कळसे संगणकावर होते.

या विद्येचा इतिहासही रंजक आहे. १८९५ साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी एका शिल्पकाराच्या साहाय्याने संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या मानल्या गेलेल्या कवटीवरून चेहरा घडविला होता. भारताच्या इतिहासाशी निगडित असलेले एक उदाहरण तर अधिकच लक्षणीय आहे. १३९८ साली दिल्ली लुटणाऱ्या तैमूरची समरकंद येथील कबर जून १९४१ मध्ये उघडण्यात आली, आणि रशियन शास्त्रज्ञ मिखाईल गेरासिमोव्ह यांनी त्याच्या कवटीवरून त्याचा चेहरा साकारला.

आता पुन्हा गोंदियाकडे वळावे. येथेही पाण्याखालची जमीन आहे, चिखल आहे, शेकडो वर्षांचा गाळ आहे. मग नवेगावच्या तळाशी एखादा टोलुंड मानव का नसावा? याचे कारण हवापाण्यात आहे. येथील पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, आणि मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. लहान बोड्या व तलाव उन्हाळ्यात आटतात, तळाला भेगा पडतात, त्या भेगांतून हवा आत शिरते. पाणी ऊबदार असते. ते पीटच्या पाण्यासारखे आंबट नसते, आणि स्फॅग्नमचे थर येथे साचत नाहीत. कुजविणाऱ्या जिवाणूंना याहून अनुकूल ऋतुचक्र नसेल. त्यातच येथील शेतकरी उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढून शेतात टाकतो. कन्हार, मोरांड, सिहार, बरडी अशी जमिनीची प्रतवारी तोंडपाठ असलेल्या या शेतकऱ्याला गाळाचे मोल पक्के ठाऊक असते. उत्तरेची दलदल मिळालेले सारे तिजोरीत ठेवते. गोंदियाचा तलाव मिळालेले सारे पुन्हा व्यवहारात आणतो, आणि त्यातून धान पिकते.

विदर्भातील प्राचीन माणूस अगदीच अज्ञात आहे, असे मात्र नाही. टोलुंड मानव ज्या सहस्रकात जगला, त्याच इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकात वैनगंगेच्या पश्चिमेला, आजच्या नागपूरच्या आसमंतात, महापाषाण संस्कृतीचे लोक राहत होते. मृतांच्या स्मरणार्थ ते मोठमोठ्या दगडांची वर्तुळे रचीत. जुनापाणी, टाकळघाट-खापा, नायकुंड, माहुरझरी ही त्यांची प्रसिद्ध स्थळे होत. माहुरझरीचे उत्खनन नागपूर विद्यापीठातर्फे १९७० नंतरच्या दोन हंगामांत डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली झाले. जैन श्रमणसंघाच्या इतिहासावरील त्यांचा १९५६ चा इंग्रजी ग्रंथ आजही आधारभूत मानला जातो. तोच विद्वान विदर्भाच्या या मूक शिलावर्तुळांचाही अभ्यासक होता. माहुरझरीत लोखंडी शस्त्रे व अवजारे मिळाली, मणी मिळाले, आणि पुरलेल्या घोड्याच्या सांगाड्याबरोबर त्याच्या मुखावर चढविण्याचे तांब्याचे अलंकार मिळाले. घोड्याचे मुख कसे शृंगारले जाई, हे त्यामुळे आज सांगता येते. त्या घोड्यावर बसणाऱ्याचे मुख कसे होते, हे मात्र सांगता येत नाही.

मराठी मुलखातील संस्थेने प्राचीन चेहरा उभा करण्याच्या कामी भाग घेतल्याचे उदाहरण हवे असेल, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे पाहावे लागते. हरियाणातील हिसार जिल्ह्यातील राखीगढी हे सिंधू संस्कृतीचे मोठे नगर. डेक्कन कॉलेजच्या डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तेथील दफनभूमीचे उत्खनन झाले. त्यातील दोन कवट्यांच्या सी. टी. स्कॅनवरून दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने चेहरे तयार करण्यात आले, आणि हे काम २०१९ साली शरीररचनाशास्त्राच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी नगररचना, मापे-वजने आणि दूरवरचा व्यापार यांत अग्रेसर असलेल्या त्या लोकांचे चेहरे कसे असावेत, याचा हा पहिला शास्त्रीय अंदाज होय. २०२५ साली तामिळनाडूतील कीळडीजवळच्या कोंडगै येथील दोन कवट्यांवरूनही मदुराई कामराज विद्यापीठ आणि इंग्लंडमधील लिव्हरपूलची प्रयोगशाळा यांनी असेच चेहरे सिद्ध केले.

भारतातील उष्णता या कामाला किती बाधक ठरते, हेही राखीगढीतच दिसून आले. तेथील ६१ नमुन्यांतून जनुकद्रव्य मिळविण्याचा प्रयत्न झाला. उपयोगी पडेल एवढे द्रव्य केवळ एका स्त्रीच्या अवशेषातून मिळाले. डोळ्यांचा, केसांचा, त्वचेचा रंग जाणण्यास जनुकद्रव्याचा आधार लागतो. ते नसले, म्हणजे कवटी आकार सांगते, पण रंग सांगत नाही.

येथेच या विद्येची मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. कवटीवरून चेहऱ्याची ठेवण कळते. कानाची पाळी कशी होती, ओठ जाड होते की पातळ, अंगावर चरबी किती होती, कपाळावर आठ्या होत्या की नाही, हे हाडांवर लिहिलेले नसते. तो भाग घडविणाऱ्याच्या अनुमानाचा असतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर असा चेहरा म्हणजे अंदाजपत्रक; तो ताळेबंद नव्हे. अंदाजपत्रक उपयोगी असते, पण त्यालाच ताळेबंद समजणाऱ्याची फसगत होते.

ही फसगत झालेलीही आहे. १९५२ साली उत्तर जर्मनीत विंडेबी येथे दलदलीतून एक देह निघाला. ती चौदा वर्षांची मुलगी असल्याचे ठरविण्यात आले. व्यभिचारासाठी तिला शिक्षा झाली असावी, अशी कथा रचली गेली. तिचा चेहराही घडविला गेला. पुढे काटेकोर तपासणी झाली, तेव्हा तो देह सुमारे सोळा वर्षांच्या मुलाचा असल्याचे निष्पन्न झाले. कित्येक वर्षे एका निरपराध मुलाच्या माथी एका काल्पनिक मुलीचा काल्पनिक कलंक होता. मृताला चेहरा देताना त्याच्याबरोबर चारित्र्यही देण्याचा मोह किती घातक असतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

याच्या नेमकी उलट घटना इंग्लंडमधील लिंडो येथील दलदलीत १९८३ साली घडली. पीट कापताना एका स्त्रीच्या कवटीचा भाग सापडला. जवळच राहणाऱ्या एका मनुष्याची पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी नाहीशी झाली होती. ही तिचीच कवटी असे समजून त्याने पोलिसांपुढे खुनाची कबुली दिली. प्रयोगशाळेने मात्र ती कवटी सुमारे सतराशे वर्षांपूर्वीची असल्याचे सांगितले. तरीही त्याच्या स्वतःच्या कबुलीवरून त्याला शिक्षा झाली. ज्या स्त्रीचे नाव-गाव कोणालाच ठाऊक नव्हते, तिच्या नुसत्या दर्शनाने दुसऱ्या एका स्त्रीच्या मृत्यूचा उलगडा झाला. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट १९८४ रोजी, त्याच दलदलीत एका पुरुषाचा देह मिळाला. त्याचा चेहरा रिचर्ड नीव्ह यांनीच घडविला, आणि तो देह आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

मृतांना असे काचेच्या पेटीत ठेवावे काय, हा प्रश्न आता पाश्चात्त्य देशांतही विचारला जातो. ज्ञान वाढते, हे खरे; पण ज्याचा देह आहे, त्याची संमती कोणी घेतली? त्याच्या आप्तांनी त्याला कोणत्या भावनेने निरोप दिला असेल? चेहरा घडविण्याच्या विद्येने या प्रश्नाला धार आणली आहे. कातडीच्या काळ्या गोळ्याकडे माणूस कुतूहलाने पाहू शकतो. डोळ्यांना डोळा देणाऱ्या चेहऱ्याकडे तसे पाहताना त्याला अवघडल्यासारखे होते.

पूर्वजांचे स्मरण चेहऱ्यावाचूनही होऊ शकते, याची साक्ष गोंदिया जिल्ह्यातच मिळते. सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्थानकापासून थोड्या अंतरावर, घनदाट जंगलात कचारगढची प्रचंड गुहा आहे. गोंड समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे आदिपूर्वज या गुहेत कोंडले गेले होते. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायतार यांच्या प्रयत्नांनी त्यांची मुक्तता झाली, आणि गुहेच्या तोंडावरील शिळा हटविताना हिरासुका पाटालीर या वादकाने आपले प्राण वेचले. माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा अनेक राज्यांतून लाखो गोंड बांधव चालत डोंगर चढतात. या यात्रेत पूर्वजाचा पुतळा शोधणाऱ्याला गुहा दिसते, शिळा दिसते, आणि कथा ऐकू येते. चेहऱ्याची उणीव तेथे कोणालाही भासत नाही. स्थळानेच चेहऱ्याची जागा घेतलेली आहे.

गाळही अगदीच मुका नसतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या तळातून शास्त्रज्ञांनी सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा नमुना काढला, आणि त्यातील थर वाचून गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांतील पावसाचे चढउतार मांडले. परागकण, क्षार आणि सूक्ष्म जीवांचे कवच यांच्या रूपाने तळाशी रोजमेळ लिहिला जात असतो. त्याची खतावणी करणारा तेवढा भेटावा लागतो. महाराष्ट्राच्या तलावांनी माणसाचा चेहरा राखला नाही, पण ज्या पावसावर तो माणूस जगला, त्याची नोंद ठेवली.

गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांना आज सरकारी भाषेत ‘माजी मालगुजारी तलाव’ आणि लोकांच्या बोलीत ‘मामा तलाव’ म्हणतात. मध्य प्रांतात मालगुजार हे गावाचे धनी असत; तलावांची देखरेख त्यांच्याकडे असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव सरकारजमा झाले. शेतकऱ्याला धनीपणाच्या जाचातून मुक्त करणारा हा कायदा आवश्यक होता, यात शंका नाही. पण तलावांचा पालक कोण, हा प्रश्न मागे राहिला. अनेक तलाव गाळाने उथळ झाले, काहींत बेशरमाचे रान माजले, काहींच्या पोटात शेते शिरली. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली. मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजानेही काही गावांत तलावांतील वनस्पती व मासे पुन्हा नांदते करण्यासाठी परिश्रम घेतले आहेत.

गाळ काढता येतो, पाळ दुरुस्त करता येते. दुरुस्त न होणारी गोष्ट एकच, ती म्हणजे विसरलेले नाव. नवेगावबांधला कोलू पाटलांचे नाव लाभले. पण त्याच्या आसपासच्या असंख्य लहान तलावांची पाळ कोणी घातली, टोपल्या कोणी वाहिल्या, हे केवळ गावातील वृद्धांच्या बोलण्यात उरले आहे. काही उल्लेख जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत आणि निस्तार पत्रकांत सापडतात. ते कागदही जीर्ण होत आहेत. त्या माणसांच्या कवट्या मिळणार नाहीत, आणि मिळाल्या तरी त्यांचे नाव त्यांवर कोरलेले असणार नाही. जगातील कोणतीही प्रयोगशाळा हाडावरून चेहरा काढील. नाव काढू शकणार नाही. टोलुंड मानवाचा चेहरा आज कोट्यवधी लोक ओळखतात, पण त्याला आई कोणत्या नावाने हाक मारीत होती, हे कोणालाच ठाऊक नाही. कोलू पाटलांची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांना आजही नावाने हाक मारली जाते.

या दृष्टीने गोंदियाचा प्रवास करणाऱ्या कुटुंबांना एक काम करता येण्यासारखे आहे. ज्यांची पेढी, गिरणी किंवा शेती या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांचा खेड्यांशी जुना परिचय असतो. धानाच्या हंगामात गावोगावची जाणती माणसे त्यांच्याकडे येतात. त्या माणसांना त्यांच्या गावच्या तलावाचे नाव, तो बांधणाऱ्याचे नाव आणि त्यामागची हकीकत विचारावी व वहीत तारीख घालून टिपून ठेवावी. हिशेबाच्या वह्या जपण्याची ज्यांच्या घराण्याची परंपरा आहे, त्यांना हे अवघड नाही.

आणि नवेगावबांधला गेल्यावर पक्षी पाहून लगेच परतू नये. पाळीवरून चालत जावे, एका बाजूचे पाणी आणि दुसऱ्या बाजूच्या धानाच्या बांध्या पाहाव्या आणि मग कोलासुराच्या टेकडीकडे वळावे. तेथे जाणारी वाट जंगलातून असल्याने वनखात्याची अनुमती व सोबत वाटाड्या घ्यावा. सकाळी लवकर निघाल्यास ऊन चढण्यापूर्वी परतता येते.